प्रवासाच्या बॅगा आणि घराची वही : वाचकांचे प्रश्न

मे महिन्याची सुट्टी आणि गणपती या दोन मोसमांच्या आधी या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बहुधा एकच असतो : बॅगा भरताना उडणारी तारांबळ. या वेळी ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी पाच निवडली आहेत. दोन पत्रे प्रवासाची आहेत, दोन घराची, आणि एक दोन्हींच्या मधल्या उंबरठ्यावरचे.

प्रश्न : आम्ही घोडबंदर रोडला राहतो. घरात सासू-सासरे, आम्ही दोघे, नववीतली मुलगी आणि सहा वर्षांचा मुलगा. दरवर्षी गणपतीला रात्रीच्या कोकणकन्येने कुडाळला, गावच्या घरी जातो. मी आठवडाभर आधी यादी करते. तरीही निघायच्या रात्री नऊ-दहा वाजेपर्यंत बॅगा बंद होत नाहीत आणि गावी पोहोचल्यावर काहीतरी राहिलेले निघतेच. गेल्या वर्षी सासऱ्यांचा चष्मा राहिला, त्याआधी पूजेची जानवी राहिली होती. माझ्या यादीत नेमके काय चुकते?
— एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर : चष्मा आणि जानवी राहण्याची कारणे एकमेकांच्या अगदी उलट आहेत आणि तुमच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच आहे. चष्मा राहिला, कारण तो घराबाहेर पडेपर्यंत वापरात होता आणि आधी बॅगेत घालताच येत नव्हता. जानवी राहिली, कारण ती वर्षातून एकदाच लागतात आणि एरवी घरात त्यांची कोणाला आठवणही होत नाही. ज्या वस्तू रोज हाताशी असतात त्या आणि ज्या कधीच हाताशी नसतात त्या, अशा दोन टोकांच्या वस्तूच बहुतेक घरांत मागे राहतात. मधले कपडे, टॉवेल, साबण सहसा विसरले जात नाहीत, आणि विसरले तरी कुडाळच्या बाजारात मिळतात. आपण मात्र यादी करताना सर्वांत जास्त वेळ या मधल्या वस्तूंवर घालवतो.

म्हणून एका यादीच्या तीन याद्या करा. वर्षातून एकदा लागणाऱ्या वस्तूंची यादी कागदावर ठेवूच नका. त्या वस्तूंची एक वेगळी कापडी पिशवीच करा आणि ती वर्षभर माळ्यावर तशीच भरलेली राहू द्या. जानवी, वाती, कापूर, अष्टगंध, आरत्यांची पुस्तके, मखराच्या दिव्यांची माळ, एक्स्टेंशन बोर्ड, टॉर्च असे सारे तिच्यात मावते. गावाहून परतताना त्यातले जे संपले असेल ते त्याच आठवड्यात आणून पिशवीत टाका, कारण काय कमी पडले ते तेव्हाच नीट आठवते. माझ्या मते प्रवासाची यादी दुरुस्त करण्याची खरी वेळ निघण्याआधीची नसून परतल्यानंतरची आहे. बॅग रिकामी करताना जी वस्तू घडी न मोडता परत आली, ती पुढच्या वर्षी खोडून टाकावी आणि जी गावात शेजाऱ्यांकडे मागावी लागली, ती लिहून ठेवावी. असे दोन-तीन वर्षे केले की यादी आपोआप आखूड आणि भरवशाची होते.

शेवटच्या क्षणापर्यंत वापरात असणाऱ्या वस्तूंची दुसरी यादी दरवाजाच्या आतल्या बाजूला चिकटवा. तिच्यात आठ-दहा नोंदींपेक्षा जास्त काही असू नये : चष्मा, कवळी, फोनचे चार्जर, संध्याकाळचा डोस घेतल्यानंतर औषधांचा डबा, घराच्या किल्ल्या, पाण्याच्या बाटल्या. ही यादी वाचण्याचे काम तुम्ही करू नका; ते नववीतल्या मुलीला द्या. कुलूप लागण्यापूर्वी तिने एकेक नाव मोठ्याने घ्यावे आणि ज्याची वस्तू आहे त्याने ती दाखवावी. आजोबांनासुद्धा नातीने विचारलेले खटकत नाही. सुनेने विचारले, तर कधीकधी खटकते.

तिसरी, मधल्या वस्तूंची यादी माणसागणिक करा आणि ती ज्याच्या त्याच्या हातात द्या. मुलगी आपली बॅग स्वतः भरू शकते. सहा वर्षांच्या मुलाला त्याचे कपडे पलंगावर रचून ठेवता येतात. ते मोजून बॅगेत घालण्याचे काम त्याच्या वडिलांनी करावे. तुमच्या पत्रात सहा माणसे आहेत आणि यादी करणारी एकच, हे वाचताना मला यादीपेक्षा अधिक खटकले. जी यादी एकाच व्यक्तीच्या डोक्यात असते तिची पूर्तताही त्या एकाच व्यक्तीला करावी लागते आणि बाकीचे पाच जण, मनात असूनही, फक्त “माझा टॉवेल घेतलास का?” एवढेच विचारू शकतात.

आता गाडीबद्दल. ठाण्याला गाडी मोजकी मिनिटे थांबते. त्यामुळे सामान किती किलो आहे यापेक्षा ते किती नगांत आहे हे अधिक महत्त्वाचे ठरते. रेल्वेच्या नियमाप्रमाणे स्लीपर आणि थ्री-टियर एसीमध्ये प्रत्येक प्रौढ प्रवाशाला ४० किलो आणि टू-टियर एसीमध्ये ५० किलोपर्यंत सामान विनाशुल्क नेता येते, म्हणजे वजनाची अडचण तुम्हाला सहसा येणार नाही. अडचण येते ती आयत्या वेळी हातात आलेल्या पिशव्यांची. लाडवांचा डबा, फुलांची परडी, शेजारणीने गावच्या कोणासाठी दिलेली पुडी, असे करता करता सहा बॅगांचे अकरा नग होतात आणि गर्दीच्या फलाटावर ते कोणालाच मोजता येत नाहीत. घरातून निघतानाच नग ठरवून टाका आणि तो आकडा सर्वांना सांगा. सॅटिसखाली (ठाणे स्थानकाबाहेरच्या उन्नत मार्गाखाली) रिक्षातून उतरताना, फलाटावर आणि गाडीत चढल्यावर अशी तीन वेळा मोजणी करा. सासू-सासऱ्यांच्या हातात एकही नग देऊ नका. त्यांनी मुलाचा हात धरावा, तेवढे पुरे. रात्रीत लागणारे सारे, म्हणजे चादर, शाल, औषधे, पाणी, मुलाचा एक जादा कपडा, एकाच पिशवीत असू द्या, म्हणजे मध्यरात्री बर्थखालच्या बॅगा ओढून सहप्रवाशांची झोप मोडावी लागणार नाही.

कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक गणपतीच्या दिवसांत लागू असते. त्या काळात दरडींच्या धोक्यामुळे गाड्यांचा वेग कमी ठेवलेला असतो आणि उशीरही होतो. तेव्हा दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या नाश्त्यापलीकडे आणखी एका जेवणाइतके कोरडे खाणे बरोबर ठेवा : दशम्या, शेंगदाण्याची चटणी, खाकरे. आणि निघण्याच्या आठवड्यात गावी एक फोन करून घरात काय आहे ते विचारून घ्या. दुर्वा, जास्वंद, केळीची पाने, माटवीला (गणपतीवर टांगायच्या लाकडी चौकटीला) बांधायची रानातली फळे-फुले तिथे दारात असतात. ठाण्याच्या जांभळी नाक्यावर गर्दीत उभे राहून विकत घ्यायची आणि रात्रभर जपत न्यायची गरज नाही.

तयारीची सुरुवात तिकिटापासून करावी हेही सांगते. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण प्रवासाचा दिवस वगळून ६० दिवस आधी सुरू होते. पूर्वी ते १२० दिवस आधी होत असे. तिकीट काढले त्याच दिवशी माळ्यावरची पिशवी खाली काढून तपासली, तर खरेदीला दोन महिने मिळतात.

प्रश्न : इंटरनेटवर दिसणाऱ्या स्वयंपाकघरांप्रमाणे एकसारख्या पारदर्शक डब्यांत सारे सामान भरून ठेवावे असे मनात आहे. आमचे घर वन-बीएचके आहे. हा खर्च करावा का?
— एक वाचक, वाशी

उत्तर : आत्ता करू नये. तुमचे घर एपीएमसी बाजारापासून जवळ आहे आणि बहुधा स्वस्त मिळते म्हणून तुम्ही एका वेळी बरेच आणत असाल. वन-बीएचके घरात पसारा बहुतेक वेळा डब्यांच्या अभावाने होत नाही, तर डब्याबाहेर उरलेल्या अर्ध्या पुड्यांमुळे होतो. एक महिना केवळ एवढाच नियम पाळून पाहा की डब्यात मावेल तेवढेच आणायचे. रवा भाजून ठेवला, कडधान्याला कडक ऊन दाखवले आणि पावसाळ्यात डाळी कमी आणल्या की किडीची भीतीही बरीच कमी होते. त्यानंतर जे डबे खरोखर कमी पडतील तेवढेच घ्या, आणि पारदर्शक नसलेल्या जुन्या स्टीलच्या डब्यांवर नावाची चिठ्ठी लावा.

प्रश्न : मी ऐरोलीतल्या आयटी पार्कमध्ये काम करतो, पत्नी ठाण्यात बँकेत आहे. घरकामात मी मदत करतो, बाजारहाट करतो, तिने सांगितलेले कधी टाळत नाही. तरीही प्रवासाला निघताना किंवा महिन्याच्या सुरुवातीला तिची चिडचिड होते आणि ‘सगळे मलाच लक्षात ठेवावे लागते’ असे ती म्हणते. मी आणखी काय करावे?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : तुम्ही तिने सांगितलेले टाळत नाही, हे खरे असेल, पण सांगावे लागते, हीच तिची तक्रार आहे. सिलिंडर संपत आला हे लक्षात येणे, तो नोंदवणे, तो येईल तेव्हा घरी कोणीतरी असेल असे पाहणे आणि पैसे देणे या चार पायऱ्यांपैकी तुम्ही चौथी करता आणि पहिल्या तीन तिच्याकडे राहतात. थकवा पहिल्या तीन पायऱ्यांचा असतो आणि तो कोणाला दिसत नाही.

त्यामुळे आणखी कामे करण्याऐवजी काही विषय संपूर्णपणे आपल्याकडे घ्या आणि त्या विषयांत तिने तुम्हाला आठवण करून देण्याची वेळ येऊ देऊ नका. गाडी हा विषय सोपा आहे, म्हणून तिथून सुरुवात करा : विम्याची तारीख, पीयूसी (बीएस-४ आणि बीएस-६ या प्रदूषण मानकांच्या गाड्यांना ते वर्षाने नव्याने काढावे लागते), फास्टॅगमधली रक्कम, टायरमधली हवा, स्टेपनीची अवस्था. त्यानंतर स्वयंपाकाचा गॅस घ्या. त्यात नारिंगी सुरक्षा नळीसुद्धा येते. तिच्यावर वर्ष छापलेले असते आणि ती दर ५ वर्षांनी बदलायची असते, हे कित्येक घरांत ठाऊकच नसते. मग वीज, मालमत्ता कर आणि सोसायटीची देणी घ्या. मुलांच्या शाळेचा विषय मुद्दाम शेवटी ठेवा, कारण तो सर्वांत किचकट आहे आणि तो अर्धवट घेतला तर गोंधळ वाढतो.

हे चालण्यासाठी घरात एक वही हवी. फोनमधली सामायिक यादीही चालते. पण मला स्वतःला वही अधिक बरी वाटते, कारण ती घरात आलेल्या आजीला किंवा घरकामाच्या ताईंनाही वाचता येते आणि तिची बॅटरी संपत नाही. वहीच्या पहिल्या पानावर मुदती लिहा. गाडीचा विमा, मुदत ठेवी, लॉकरचे भाडे, पासपोर्ट. पासपोर्टच्या बाबतीत एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते, ती अशी की प्रौढांचा पासपोर्ट १० वर्षांचा असला तरी मुलांचा साधारणपणे ५ वर्षांचाच असतो, आणि अनेक देश प्रवेशाच्या वेळी किमान ६ महिन्यांची मुदत शिल्लक असावी अशी अट घालतात. परदेशी सहलीचे पैसे भरल्यावर मुलाच्या पासपोर्टची मुदत संपत आल्याचे कळणे हा या वहीअभावी घडणारा ठरलेला प्रसंग आहे.

पुढच्या पानांवर कोणता कागद कुठे आहे याची नोंद करा : कोणत्या कपाटात, कोणत्या फाइलमध्ये. नुसते ‘वरच्या कप्प्यात’ असे लिहू नका, कारण प्रत्येकाचा वरचा कप्पा वेगळा असतो. आधार आणि वाहन परवाना डिजिलॉकरमध्ये ठेवता येतो आणि रेल्वेप्रवासात ओळख पटवण्यासाठीही तो चालतो. मात्र ज्या फोनमध्ये डिजिलॉकर आहे तो फोन हरवला तर काय, याचा विचार करून कुटुंबातील दुसऱ्या कोणाच्या फोनमध्येही प्रती असू द्या. महिन्यातून एकदा, शक्यतो पगार झाल्यानंतरच्या रविवारी, दोघांनी अर्धा तास वही घेऊन बसावे. पत्नीकडून काम मागून घेण्यासाठी ही बैठक वापरू नका. तुमच्या विषयांत काय झाले आणि काय राहिले ते तुम्ही सांगायचे आहे.

एक सूचना अशी की तुम्ही घेतलेला विषय तिच्या पद्धतीने होणार नाही आणि सुरुवातीला थोडा वाईटही होईल. त्या काळात तिने तो परत आपल्याकडे ओढून घेऊ नये, यासाठी हे उत्तर तिलाही वाचायला द्या.

प्रश्न : आम्ही दोघे सत्तरीच्या पुढचे आहोत. मुलीकडे दिल्लीला विमानाने जाणार आहोत. यजमानांना इन्सुलिन चालू आहे. औषधे मोठ्या बॅगेत नीट गुंडाळून ठेवली तर चालतील ना? मुलीसाठी घरचे खोबरे, मेतकूट आणि लोणचेही न्यायचे आहे.
— एक वाचक, नेरुळ

उत्तर : औषधे मोठ्या बॅगेत मुळीच ठेवू नका. विमानाच्या पोटात जाणारी बॅग उशिरा मिळू शकते, चुकू शकते, आणि तिथे तापमान फार उतरल्यास इन्सुलिन गोठून निकामी होते. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळले तरी वापरायचे नसते. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. जे चालू आहे ते ठरावीक दिवस घरातल्या तापमानात टिकते, पण ते किती दिवस आणि किती अंशांपर्यंत, हे प्रत्येक प्रकारच्या वेष्टनातील पत्रकात लिहिलेले असते; निघण्यापूर्वी ते वाचून घ्या. औषधांच्या दुकानात मिळणारी थंड राहणारी छोटी पिशवी घ्या. तीत बर्फाची लादी ठेवली तर कुपी किंवा पेन तिला थेट टेकू नये म्हणून मध्ये रुमाल घाला. सुया आणि पेन हातातल्या बॅगेत नेता येतात. त्यांच्यासोबत डॉक्टरांचे चालू तारखेचे प्रिस्क्रिप्शन असावे आणि सुरक्षा तपासणीच्या वेळी ते आधीच बाहेर काढून सांगावे. दोघांची औषधे दोन वेगळ्या डब्यांत असू द्या आणि मुक्कामापेक्षा आठवडाभराची जास्त घ्या. साखर एकदम उतरल्यास लागणारी ग्लुकोजची पुडी किंवा खडीसाखर यजमानांच्या खिशात असावी. वरच्या कप्प्यातल्या बॅगेत ती असून उपयोग नाही.

पॉवर बँक मात्र याच्या उलट कारणाने हातातल्या बॅगेत ठेवायची असते; लिथियमची बॅटरी पेट घेऊ शकते, म्हणून ती चेक-इन सामानात घालण्यास मनाई आहे. १०० वॉट-तासांपर्यंतच्या पॉवर बँकेला वेगळी परवानगी लागत नाही. बाजारात सर्रास मिळणारी २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ वॉट-तासांच्या आसपास भरते, म्हणजे ती चालते.

खोबरे घरीच ठेवा. सुके खोबरे तेलकट असल्याने ज्वलनशील मानले जाते आणि चेक-इन सामानात ते नेता येत नाही. दिल्लीत ते मिळते. मेतकूट खुशाल न्या. लोणचे हातातल्या बॅगेत अडवले जाऊ शकते, म्हणून ते प्लॅस्टिकच्या बरणीत, झाकणाखाली प्लॅस्टिकचा कागद लावून आणि वर दोन पिशव्या गुंडाळून मोठ्या बॅगेच्या मधोमध, टॉवेलांच्या घडीत ठेवा. यजमानांच्या पांढऱ्या सदऱ्यांपासून दूर.

प्रश्न : ऑगस्टमध्ये दोन आठवडे घर बंद राहणार आहे. मागच्या वेळी परतलो तेव्हा घरात डास, कुबट वास आणि बुरशी होती. निघताना काय पाहावे?
— एक वाचक, कोपरी, ठाणे (पूर्व)

उत्तर : डासांपासून सुरुवात करते, कारण दोन आठवडे हा त्यांच्यासाठी पुरेसा काळ आहे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास होण्यास साधारण ८ ते १० दिवस लागतात. फ्रिजच्या मागचा पाण्याचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा, बादल्या, फुलदाणी, मनी प्लॅंटची बाटली, बाल्कनीत उलटा न ठेवलेला डबा हे सारे रिकामे करा. केवळ पाणी ओतून टाकणे पुरत नाही. अंडी भांड्याच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडी राहूनही महिनोन्‌महिने जिवंत राहतात, म्हणून घासणीने कडा घासून भांडी पुसून पालथी घाला. कमोडचे झाकण लावा. बाथरूमच्या आणि बेसिनच्या जाळीवर प्लॅस्टिकचा कागद पसरून वर जड वस्तू ठेवली की झुरळेही वर येत नाहीत.

पाण्याचे मुख्य व्हॉल्व्ह बंद करा, आणि त्याआधी प्रत्येक नळ फिरवून पाहा. ज्या इमारतींत पाणी ठरावीक वेळीच येते तिथे निघण्याच्या वेळी कोरडा असलेला नळ उघडा राहतो आणि पाणी आल्यावर खालच्या घराच्या छतातून ते प्रथम कळते. गॅसचा रेग्युलेटर बंद करून ठेवा. फ्रिज बंद करणार असाल तर तो पूर्ण रिकामा करून, पुसून, दार थोडे उघडे ठेवा. चालू ठेवणार असाल तर दूध, शिजवलेले अन्न आणि पालेभाज्या काढा, कारण दोन आठवड्यांत वीज काही तास जाणार हे गृहीत धरलेले बरे.

बुरशी दमट हवा कोंडल्यामुळे येते. निघण्याच्या आदल्या दोन-तीन दिवसांत चामड्याचे बूट, पट्टे आणि बॅगा पंख्याखाली वाळवून मगच कपाटात ठेवा. ओलसर टॉवेल किंवा धुतलेला पण पूर्ण न वाळलेला एकही कपडा आत जाऊ देऊ नका. एका ओल्या पायजम्याने अख्खे कपाट कुबटते. कपाटे भिंतीपासून बोटभर पुढे ओढा. बुटांच्या खोक्यांत येणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या जपून ठेवलेल्या असतील तर त्या कागदपत्रांच्या फाइलीत आणि कॅमेऱ्याच्या पिशवीत टाका. केराची बादली रिकामी करून धुऊन उन्हात, किंवा ऑगस्टात ऊन कुठले, निदान पंख्याखाली वाळवा.

शेजारी किंवा नातेवाइकांपैकी कोणाला किल्ली देता येत असेल तर त्यांना मधल्या रविवारी एकदा येऊन अर्धा तास खिडक्या आणि पंखे सुरू करण्यास सांगा, आणि त्यांच्यासाठी दाराजवळ एक चिठ्ठी ठेवा : पाण्याचा व्हॉल्व्ह कुठे आहे, विजेचा मुख्य खटका कोणता, सोसायटीच्या कार्यालयाचा आणि तुमचा फोन नंबर काय.